रोज खिशात ठेवायचा घडीचा चाकू : ‘टॅक्टिकल’ नमुन्यांची तुलना कशी करावी

आपण विचारलेला प्रश्न असा आहे. चाकणजवळच्या एका कारखान्याच्या भांडार विभागात आपण काम करता. दिवसभर खोकी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि दोऱ्या कापाव्या लागतात, सुटीच्या दिवशी सह्याद्रीत भटकंती असते, आणि आता कायम खिशात राहील असा एक चांगला घडीचा चाकू घ्यायचा आहे. कोल्ड स्टीलचा रेकॉन १, स्पायडर्कोचे पॅरामिलिटरी २ आणि डेलिका ४, बेंचमेडचा बगआउट, ओंटारिओचा रॅट २ आणि ओपिनेलचा ८ क्रमांकाचा चाकू, असे सहा नमुने आपण समोर ठेवले आहेत. त्यांपैकी सर्वांत दणकट ‘टॅक्टिकल’ चाकू कोणता, आणि वेळप्रसंगी तो स्वसंरक्षणासाठी चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. धार लावणे आणि घडीचे चाकू खोलून दुरुस्त करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि गिर्यारोहकांची साधनेही माझ्याकडे नियमित येतात. त्या अनुभवाच्या आधाराने सविस्तर लिहितो.

आधी माझे मत सांगतो, कारणे मागाहून देतो. रोजच्या कामाच्या चाकूसाठी दणकटपणा हा पहिला निकष नव्हे. पाते धारेच्या लगेच मागे किती पातळ आहे, हे सर्वांत आधी पाहावे. त्यानंतर लॉक सोडताना आपली बोटे कुठे असतात ते पाहावे, आणि मग ते पोलाद आपल्या हवेत टिकते का व त्याला आपल्या हाताने धार लावता येते का, याचा विचार करावा. या कसोट्या लावल्या की यादीतला सर्वांत दणकट दिसणारा चाकू सर्वांत खाली जातो आणि साधे दिसणारे दोन वर येतात.

‘टॅक्टिकल’ हा शब्द कुठून आला ते पाहिले, तर असे का होते हे कळते. १९८० आणि १९९०च्या दशकांत अमेरिकेत बॉब टेर्झुओला, अर्नेस्ट इमर्सन यांच्यासारख्या कारागिरांनी सैनिक आणि पोलीस यांना समोर ठेवून घडीचे चाकू घडवले. एका हाताने उघडणे, पाते घट्ट अडकवणारे लॉक, खिशाच्या कडेला अडकणारी क्लिप आणि घामेजल्या हातातूनही न निसटणारी मूठ ही त्या चाकूंची खरी देणगी आहे, आणि ती रोजच्या कामातही तितकीच उपयोगी पडते. या काळाच्या आरंभीच, १९८१ साली, सॅल ग्लेसर यांच्या स्पायडर्को कंपनीने ‘वर्कर’ नावाचा चाकू आणला होता. अंगठ्याने पाते उघडण्यासाठी पात्यातच गोल भोक आणि मुठीवर क्लिप, ही जोडी त्यात होती, आणि तो नावाप्रमाणे कामकऱ्यासाठीच होता. पुढे जाहिरातीच्या गरजेतून या चांगल्या गुणांना जाड पाते, कोनदार तान्तो टोक, अर्धी करवती धार, काळा मुलामा आणि काच फोडण्याचे टोक अशी भर पडत गेली. आज ‘टॅक्टिकल’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुतेक वेळा ही भरच ठळक असते, आणि कापण्याच्या कामात तिची अडचणच अधिक होते.

कापताना पाते पदार्थाला दोन्ही बाजूंना सारत आत शिरते. धार कितीही तीक्ष्ण असली, तरी पाते थोडेसे आत गेले की पुढचे काम धारेमागच्या जाडीवर अवलंबून राहते. ज्या रेषेपासून धारेचा उतार सुरू होतो तिथे चांगल्या पातळ चाकूची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, तर जाड घडणीच्या चाकूत ती एक मिलिमीटरपर्यंत जाते. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण दोन्ही चाकू सारखेच तीक्ष्ण करून गाजरावर चालवून पाहावेत. पातळ पात्याने चकती निघते आणि जाड पात्याने गाजर तडकते. दुपदरी खोक्याचा पुठ्ठा लांबवर कापताना जाड पाते पुठ्ठ्यातच आवळले जाते, मग आपण जोर वाढवतो, आणि जोराने ओढलेले पाते पुठ्ठ्यातून सुटते तेव्हा ते कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. भांडारात काम करणाऱ्यांच्या डाव्या हाताला आणि मांडीला होणाऱ्या जखमा बहुधा अशाच असतात. म्हणून पातळ पाते ही माझ्या दृष्टीने सुरक्षिततेचीही बाब आहे.

पात्याच्या पाठीची जाडी पाहून मात्र फसू नये. रेकॉन १ च्या पाठीची जाडी सुमारे ३.५ मिलिमीटर आणि पॅरामिलिटरी २ ची सुमारे ३.७ मिलिमीटर आहे, म्हणजे पाठीकडून पाहिल्यास दुसराच अधिक जाड. परंतु पॅरामिलिटरीचे पाते पाठीपासून धारेपर्यंत एकाच सपाट उतारात निमुळते होत गेले आहे, त्यामुळे धारेजवळ ते पुरेसे पातळ राहते आणि चांगले कापते. डेलिका ४ ची पाठ सुमारे अडीच मिलिमीटर, बगआउटची सुमारे २.३ आणि रॅट २ ची सुमारे २.४ मिलिमीटर आहे. ओपिनेलचे पाते तर दोन मिलिमीटरहूनही पातळ असून त्याच्या बाजू किंचित फुगीर आहेत, म्हणून कापलेली फोड पात्याला चिकटून बसत नाही. केवळ कापण्याची परीक्षा घेतली, तर आपल्या सहा नमुन्यांत सर्वांत स्वस्त असलेला ओपिनेलच पहिला येतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि पाहणाऱ्याला दर वेळी ते पटायला वेळ लागतो.

टोकाच्या आकाराविषयी थोडक्यात सांगतो. तान्तो आकारात दोन सरळ धारा कोनात मिळतात, त्यामुळे टोक मजबूत होते. पण पात्याला पोट, म्हणजे धारेचा बाहेरचा वळसा, उरत नाही, आणि फळ सोलणे, भाजी चिरणे, चामडे वळणावर कापणे ही कामे अवघड होतात. आपल्यासाठी पाठ हळूच खाली उतरणारे साधे टोक सर्वांत सोयीचे. अर्ध्या करवती धारेबद्दलही माझे मत असेच आहे. तीन इंचांच्या पात्यावर मुठीजवळचा भाग करवती केला, की जिथे हाताचा जोर आणि ताबा सर्वांत चांगला असतो नेमकी तीच जागा बारीक कामाला निरुपयोगी होते. जाड दोर किंवा ओली नायलॉन दोरी कापायला करवती दाते खरोखरच चांगले, पण आपल्या कामात दोरीपेक्षा खोकी अधिक आहेत, तेव्हा साधी धारच घ्यावी.

दोराचा विषय निघालाच आहे, तर भटकंतीसाठी एक सूचना इथेच देतो. कड्यावरून दोरावर उतरताना कपडा किंवा केस उतरणीच्या साधनात अडकले, तर ते सोडवायला चाकू लागतो. अशा वेळी ताणाखालच्या दोराला धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो, हे कायम ध्यानात ठेवावे. त्या कामासाठी खिशातला चाकू भरवशाचा नाही. पेट्झल कंपनीच्या स्पाथासारखा चाकू, ज्याच्या अंगातच कॅराबिनर (दोर अडकवण्याची उघडझाप कडी) अडकवण्याचे मोठे भोक आहे आणि जो हातमोज्यातही एका हाताने उघडतो, तो हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्याला) अडकवून वेगळा ठेवावा. रोजच्या चाकूवर ही जबाबदारी टाकू नये.

आता लॉककडे येतो, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चाकूंतले बहुतेक दोष इथेच असतात.

रॅट २ मध्ये लायनर लॉक आहे. मुठीच्या आत पोलादाची एक पट्टी असते, पाते पूर्ण उघडले की ती बाजूने सरकून पात्याच्या बुंध्यामागे उभी राहते. तिचे आजचे रूप मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात घडवले. रचना साधी आहे, दुरुस्ती सोपी आहे, किंमतही कमी राहते. दोष दोन आहेत. पट्टी आणि बुंधा यांच्या भेटीच्या जागी माती किंवा कागदाचा भुसा साचला तर पट्टी अर्धवटच बसते आणि पाते उघडे राहिल्याचा केवळ भास होतो. शिवाय बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेवर असतो. सवय झाली की हे सांभाळता येते, पण थकलेल्या हाताला सवय दगा देते. ख्रिस रीव्ह यांनी सेबेन्झा या चाकूत मुठीचीच एक बाजू चिरून तिलाच पट्टीचे काम दिले, त्याला फ्रेम लॉक म्हणतात. ते अधिक भक्कम असते, पण अंगठ्याची जागा तीच राहते.

डेलिका ४ मध्ये पाठीवरचे लॉक आहे. १९६४ साली आलेल्या बक ११० ने हा प्रकार अमेरिकेत घरोघरी नेला. मुठीच्या पाठीत एक दांडी असते, तिचे नाक बुंध्याच्या खाचेत बसते, आणि मागून दाबल्यावर ते सुटते. लॉक दाबताना बोट पात्याच्या वाटेबाहेर असते, रचनेत धुळीला शिरायला जागा कमी असते, आणि डावखुऱ्या माणसालाही ते सारखेच चालते. खाच झिजली की पाते उभ्या दिशेने किंचित हलू लागते, हा त्याचा दोष. अँड्र्यू डेमको यांनी कोल्ड स्टीलसाठी केलेल्या ट्राय-ॲड लॉकने नेमका हाच दोष दूर केला. बुंधा आणि दांडी यांच्यामध्ये एक जाड पिन घालून सारा भार तिच्यावर घेतला जातो. रेकॉन १ मध्ये हेच लॉक आहे, आणि केवळ लॉकच्या ताकदीवर निर्णय करायचा तर सहांत तो निर्विवाद पहिला आहे. मात्र ते सोडायला अंगठ्याचा बराच जोर लागतो, आणि दिवसातून अनेकदा चाकू उघडणाऱ्याला तो जोर जाणवतो.

बगआउटमधले ॲक्सिस लॉक बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांच्या कल्पनेतले असून बेंचमेडने ते १९९८ मध्ये बाजारात आणले. मुठीत आडवी बसवलेली एक दांडी दोन बारीक स्प्रिंगांच्या जोरावर पुढे सरकून बुंध्यावर बसते. दोन्ही हातांना चालणारे, बोटे पूर्ण सुरक्षित ठेवणारे आणि एका हाताने सहज बंद होणारे असे हे लॉक आहे. पेटंटची मुदत सरल्यावर अनेक कंपन्यांनी ते उचलले, यावरूनच त्याची योग्यता कळते. त्यातली एखादी बारीक स्प्रिंग कालांतराने तुटू शकते. दुसरी असेपर्यंत काम चालते, पण दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. पॅरामिलिटरी २ मधले कॉम्प्रेशन लॉक दिसायला लायनरसारखे असले तरी त्याची पट्टी मुठीच्या पाठीकडे असते आणि ती बुंधा व थांबपिन (उघडलेले पाते जिथे अडते ती पिन) यांच्यामध्ये पाचरीसारखी बसते. ताकद चांगली, आणि सोडताना बोटे पात्यापासून दूर. माझ्या मते या सहांतले सर्वांत विचारपूर्वक केलेले लॉक हेच आहे.

ओपिनेलचे काम वेगळे आहे. फ्रान्समधील सवॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली हा चाकू घडवला, आणि फिरवून अडकवायचे कडे त्याला १९५५ साली बसले. पाते उघडायला दोन हात लागतात आणि कडे हाताने फिरवावे लागते. एका हातात खोके धरून दुसऱ्या हाताने चाकू उघडायचा असेल, तर इथे तो मागे पडतो. कोणतेही लॉक असले तरी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. घडीच्या चाकूचे लॉक अपघात टाळण्यासाठी असते, पात्याच्या पाठीवर दगड मारून लाकूड फोडण्यासाठी किंवा पात्याने झाकण उचकटण्यासाठी नसते. तशा वापराने ट्राय-ॲडही सैल होते.

पोलादाच्या नावांवर जितका वाद घातला जातो तितके त्यांचे महत्त्व नाही, परंतु आपल्याकडील पावसाळ्यामुळे एका बाबतीत ते खरोखर आहे. डी२ हे मूळचे साच्यांसाठीचे पोलाद. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन आणि सुमारे बारा टक्के क्रोमियम असते. क्रोमियमचा आकडा पाहून ते गंजणार नाही असे वाटते, पण त्यातले बरेच क्रोमियम कार्बाइडच्या (कार्बन आणि धातू यांच्या कठीण संयुगाच्या) कणांत अडकून पडते आणि गंजरोधनाला मोकळे उरत नाही. जुलै महिन्यात हरिश्चंद्रगडावरून परतल्यावर ओला चाकू पिशवीत तसाच राहिला, तर डी२ वर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके दिसतात. रॅट २ हा ऑस-८ आणि डी२ अशा दोन्ही पोलादांत निघाला आहे. धार अधिक काळ टिकावी म्हणून लोक डी२ कडे वळतात, पण घाटावर आणि कोकणात फिरणाऱ्याने ऑस-८ चा नमुना मिळाल्यास तोच घ्यावा. डेलिकातले व्हीजी-१० हे जपानी पोलाद धार आणि गंजरोध यांचा चांगला मेळ साधते. पॅरामिलिटरीत आणि बगआउटमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेलेले एस३०व्ही हे क्रुसिबल या अमेरिकन कारखान्याने ख्रिस रीव्ह यांच्या सल्ल्याने २००१ च्या सुमारास खास चाकूंसाठी तयार केले. त्यात सुमारे चार टक्के व्हॅनेडियम असते, त्यामुळे पुठ्ठ्यावर त्याची धार दीर्घकाळ टिकते.

त्याची दुसरी बाजू धार लावताना कळते. व्हॅनेडियमचे कार्बाइड आपल्या नेहमीच्या कुरुंदाच्या दगडापेक्षा कठीण असतात, म्हणून अशा पात्यावर तो दगड तासभर घासला तरी मनासारखी धार येत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धार लावण्याची पट्टी, लागते. ज्याच्याकडे ती नाही आणि घ्यायचीही नाही, त्याने ओपिनेलचे कार्बन पोलाद किंवा स्वीडिश १२सी२७ पोलादाचा स्टेनलेस नमुना घ्यावा. चांगल्या दगडावर मोजक्या मिनिटांत ती पाती केस उतरवू लागतात. पुठ्ठा हे धारेला लवकर बोथट करणारे द्रव्य आहे, कारण त्यात खनिज कण असतात. तेव्हा आपल्या कामात कोणतेही पोलाद असो, आठवड्यातून एकदा धार द्यावीच लागेल असे धरून चालावे. समुद्रावर मासेमारी करणाऱ्या किंवा सिंधुदुर्गात होडीवर काम करणाऱ्या वाचकांसाठी मात्र माझी शिफारस वेगळी आहे. खाऱ्या पाण्यात यांपैकी एकही पोलाद निश्चिंत ठेवत नाही, तिथे स्पायडर्कोच्या सॉल्ट मालिकेतले नायट्रोजनयुक्त पोलादाचे चाकूच घ्यावेत.

मूठ आणि वजन यांचा विचार आपण खिशाच्या बाजूने करावा. रेकॉन १ चे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि त्याचे पाते चार इंचांचे आहे. पॅरामिलिटरी २ सुमारे ११० ग्रॅम, रॅट २ सुमारे ७८, डेलिका सुमारे ७१, बगआउट सुमारे ५२, आणि ओपिनेल ५० ग्रॅमच्या आत. जो चाकू जड म्हणून टेबलाच्या खणात राहतो, तो खोके समोर आल्यावर कामाला येत नाही. बगआउटची हलकी मूठ जोराने आवळली तर किंचित दबते, ते काहींना खटकते. कामात त्याने अडत नाही. डेलिकाच्या मुठीत पोलादी पट्ट्या आतून बसवलेल्या आहेत, म्हणून ती हलकी असूनही ताठ वाटते. ओपिनेलची बीचच्या लाकडाची मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते बाहेरच येत नाही अशी तक्रार माझ्याकडे दर जूनमध्ये येते. त्यावर उपाय असा, की मे महिन्यात मुठीचे सांध्याकडचे टोक रात्रभर जवसाच्या तेलात ठेवावे, पुसून चार-पाच दिवस हवेशीर जागी सुकू द्यावे, आणि तेल पुसलेली चिंधी घडी करून न ठेवता पसरून वाळवावी, कारण जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळा केलेली चिंधी पेट घेऊ शकते.

स्वसंरक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टपणे नाही असे देतो. खिशातला चाकू बाहेर काढून उघडायला जो वेळ लागतो, तो हल्ला करणारा देत नाही. ओढाताणीत घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू त्यालाच लागण्याची शक्यता मोठी असते, आणि जे भांडण धक्क्याबुक्क्यांवर मिटले असते ते जीवघेणे होते. जवळ चाकू आहे या भरवशावर माणूस जिथून निघून जायला हवे तिथे थांबतो, हा तोटा मला सर्वांत गंभीर वाटतो. त्यामुळे या निकषावर चाकू निवडूच नये. तो निकष काढून टाकला, की रेकॉन १ घेण्याचे कारणही बहुतांशी नाहीसे होते.

कायद्याची बाजूही याच्याशी जोडलेली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आपल्या यादीतला एकही चाकू या मापाच्या जवळपास जात नाही. परंतु एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात मनाई आदेश काढतात आणि त्या आदेशांत चाकू जवळ बाळगण्यालाही बंदी असू शकते. अशा दिवसांत चाकू कामाच्या जागीच ठेवावा. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेने बटणाच्या, स्प्रिंगच्या, गरारीदार (दातेरी चक्राने अडकणाऱ्या) आणि इतर यांत्रिक रचनेने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी या मापापासून पुढच्या पात्यांच्या चाकूंवर निर्बंध घातलेले आहेत, म्हणून तिकडे जाताना विशेष जपावे. विमानात चाकू केबिनच्या सामानात चालत नाही, तो तपासून जमा केलेल्या सामानात टाकावा लागतो.

माप कायद्यात बसले तरी पाहणाऱ्याच्या मनात काय येते याचाही विचार करावा. रामपुरी चाकूची खटकन उघडण्याची ख्याती आपल्याकडे सर्वांच्या मनात आहे. काळ्या मुलाम्याचे, टोकदार, मनगटाच्या झटक्याने उघडणारे पाते पाहिल्यावर सुरक्षारक्षकाला, पोलिसाला किंवा आगगाडीतल्या सहप्रवाशाला आधी तेच आठवते. लाकडी मुठीचा ओपिनेल किंवा लाल मुठीचा स्विस चाकू काढून पेरू कापला तर कोणी वळूनही पाहत नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना तर हे अधिकच लागू आहे. ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय जवळ बाळगता येतो तो केवळ तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. जर्मनीत एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू सार्वजनिक जागी बाळगण्यावर २००८ पासून निर्बंध आहेत. तिथे आपल्या यादीतला जवळपास प्रत्येक चाकू अडचणीत आणील, आणि व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरचा, लॉक नसलेला चाकूच योग्य ठरेल.

या सर्वांचा विचार करून आपल्यासाठी माझी पहिली निवड डेलिका ४, सपाट उताराच्या साध्या धारेची. जपानमधील सेकी येथे तो बनतो, पाते तीन इंचांच्या आतच आहे, पातळ आहे, लॉक सुरक्षित आहे आणि पावसाळ्यात त्रास देत नाही. बगआउट त्याच्या तोडीचा आहे आणि अधिक हलका आहे, पण त्यासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम भांडारातल्या कामात वसूल होईल असे मला वाटत नाही. पॅरामिलिटरी २ उत्तम चाकू आहे. मोठ्या हाताच्या माणसाने, ज्याला दिवसभर जाड दोर आणि रबरी नळ्या कापायच्या आहेत त्याने, तो जरूर घ्यावा. रॅट २ कमी खर्चात चांगले काम देतो, मात्र लायनर लॉकची स्वच्छता आपल्याला राखावी लागेल. आणि भटकंतीत स्वयंपाकासाठी एक ओपिनेल वेगळा ठेवावा, त्याची किंमत इतकी कमी आहे की या सल्ल्याने खर्च फारसा वाढत नाही.

खरेदी ओळखीच्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच करावी, कारण स्पायडर्को आणि बेंचमेड यांच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि त्यांवर कोरलेले पोलादाचे नाव विश्वासार्ह नसते. चाकू हातात आल्यावर पाते बंद स्थितीत मुठीच्या मधोमध बसते का ते पाहावे. नंतर तो उघडून, पात्याची बाजू बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवावी. किंचितही खेळ असेल तर पिव्होटचा (पाते ज्यावर फिरते त्या सांध्याचा) स्क्रू अगदी थोडा आवळावा, आणि तरीही खेळ राहिला तर चाकू परत करावा. लॉक तपासायचे तर पात्याची पाठ रबरी चटईवर हलकेच दाबून पाहावी, बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत, आणि पाठ जोराने आपटून परीक्षा घेऊ नये.

धार फिरत्या चाकावर लावून घेऊ नये. सायकलवरचा धारवाला विळी-कात्रीसाठी चांगला आहे, पण कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा पातळ धारेचे तापमान क्षणात तीनशे अंशांच्या वर जाते, कडेला निळसर झाक येते, आणि पोलादाचे पाणी उतरते. मग ती धार कितीही लावली तरी दोन दिवसांत बसते. बारीक हिऱ्याची पट्टी पाण्याने ओली करावी, पाते प्रत्येक बाजूने अठरा-वीस अंशांच्या कोनात धरावे, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकाच संथ गतीने ओढावे. दुसऱ्या बाजूला बर (धारेवर वळून येणारी पोलादाची बारीक कड) आल्याचे बोटाला जाणवले की बाजू बदलावी, दोन्हीकडून बर आल्यावर दाब कमी करत तो घालवावा, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने दहा-बारा वेळा ओढावे. सांध्यात खाद्यतेल घालू नये, ते काही महिन्यांत चिकट होते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, आणि भांडारातली धूळ साचू नये म्हणून जास्तीचे तेल लगेच पुसून घ्यावे.